गुदद्वाराजवळ सतत खाज येते. कारण कसे ओळखावे आणि घरगुती उपाय कोणते करावेत?

प्रश्न

माझे वय ४६ वर्षे असून दिवसभर बैठे काम आहे. गेल्या सहा-सात आठवड्यांपासून गुदद्वाराभोवती खाज येते. शौचाहून आल्यावर ती वाढते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर तर असह्य होते. अस्वच्छतेमुळे होत असावे असे वाटल्याने मी दिवसातून तीन-चार वेळा जंतुनाशक साबणाने ती जागा धुऊ लागलो, पण त्याने आराम पडण्याऐवजी आता आग होऊ लागली आहे. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या एका मलमाने चार दिवस बरे वाटले. ते बंद करताच त्रास दुपटीने परतला. रक्त पडत नाही, मात्र शौचाला अनेकदा कुंथावे लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे माझी सात वर्षांची मुलगीही रात्री झोपेत चुळबुळ करते आणि मागे खाजवते, असे पत्नीच्या लक्षात आले आहे. तिला ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी दिली होती, त्यामुळे जंत नसावेत असा आमचा समज आहे. हा विषय घरातही मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून येथे विचारत आहे. नैसर्गिक उपायांनी हे बरे होईल का?

पहिले उत्तर

आपल्या मुलीबद्दल वाचले आणि लगेच लिहायला बसले, कारण माझा मुलगा दुसरीत असताना आम्ही हेच सोसले आहे. तो रात्री अकराच्या सुमारास रडत उठायचा आणि सकाळी मात्र अगदी ठणठणीत असायचा. एका रात्री तो झोपल्यावर तासाभराने मी बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा गुदद्वाराच्या कडेला पांढऱ्या शिवणदोऱ्याचे तुकडे पडावेत तसे दोन-तीन बारीक जंत वळवळताना दिसले. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर हजारो अंडी घालते आणि खाज त्यामुळेच येते, असे आमच्या डॉक्टरांनी समजावले. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात, तीच बोटे तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आमची चूक अशी झाली की पहिल्या वेळी फक्त मुलाला औषध दिले, आणि महिन्याभरात सारे पूर्वपदावर आले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या आम्हा सर्वांना एकाच दिवशी गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दिली. सोबत नखे अगदी बारीक कापली, चादरी आणि आतले कपडे न झटकता गरम पाण्यात धुतले आणि मुलाला रोज उठल्याबरोबर अंघोळ घातली. आपल्यालाही तीच लागण झाली असण्याची शक्यता मला फार वाटते.

दुसरे उत्तर

मी अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस केली आहे. वरील ताईंचे म्हणणे योग्य आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची एक मात्रा दिली जाते. ती उपयुक्तच आहे, पण या सूतकृमींच्या अंड्यांवर तिचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणूनच दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. शौचाच्या तपासणीत हे जंत बहुधा सापडत नाहीत. सकाळी अंघोळीपूर्वी पारदर्शक चिकटपट्टी त्या त्वचेवर दाबून काचपट्टीवर चिकटवावी आणि ती प्रयोगशाळेत द्यावी. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि घरात कोणी गरोदर असल्यास तसे आधी सांगावे.

मात्र आपल्या बाबतीत मला दुसरे कारणही स्पष्ट दिसते, आणि ते म्हणजे अतिस्वच्छता. ही त्वचा फार नाजूक असते. साबणाने तिच्यावरचा स्निग्ध थर निघून जातो, ती कोरडी पडून चिरते, खाजवल्याने आणखी सोलवटते आणि मग साधा घामही झोंबतो. साबण आजपासून पूर्ण बंद करा. शौचानंतर साध्या कोमट पाण्याने धुवा आणि मऊ सुती कापडाने, न घासता, टिपून कोरडे करा. ओलसरपणा राहू देणे हेही खाजेचे मोठे कारण आहे. त्यानंतर शुद्ध खोबरेल तेलाचा अगदी पातळ थर लावण्यास हरकत नाही. टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे बसा. पाण्यात काहीही घालण्याची गरज नाही.

त्या मलमाच्या वेष्टनावरील घटक जरूर वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड त्यात असल्यास चार दिवसांचा आराम आणि नंतरचा उसळलेला त्रास यांचा उलगडा होतो. अशा मलमाने त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो झाकला जाऊन पसरतो.

कुंथावे लागते हे दुर्लक्षू नका, कारण मूळव्याध किंवा चीर असल्यास तेथे स्राव झिरपून खाज सुटते. चहा-कॉफी, तिखट आणि आंबट पदार्थ दोन आठवडे कमी करून पाहा. रक्तातील साखर तपासून घ्या. रक्त, गाठ, वजनातील घट किंवा शौचाच्या सवयीत बदल दिसल्यास, अथवा दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

तिसरे उत्तर

नैसर्गिक म्हणून काहीही लावू नये, एवढेच कळकळीने सांगतो. मी कोणाच्या तरी सांगण्यावरून लसूण वाटून लावला होता. अर्ध्या तासात भाजल्यासारखे झाले आणि फोड बरे व्हायला दहा दिवस लागले. लिंबू आणि व्हिनेगरही तेथे लावू नये. आमच्या घरी जंतांवर वावडिंग देण्याची परंपरा आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे, पण ते वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे आणि सूतकृमी दिसत असतील तर गोळी टाळू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पाहिले. मुलीला जंतच आहेत. मलमाच्या वेष्टनावर क्लोबेटासोल लिहिलेले आढळले, ते बंद केले आहे. उद्या आम्ही तिघेही डॉक्टरांकडे जात आहोत. कुंथणे कमी होण्यासाठी इसबगोल घेतल्यास चालेल का?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

चालेल. रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात मिसळून लगेच प्या आणि दिवसभरही पाणी भरपूर घ्या, कारण पाणी कमी पडल्यास त्यानेच शौच अडकते. उद्या डॉक्टरांना मलमाची ट्यूबही दाखवा.