‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : भाचीला सेकंड इयर कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आहे. ‘हे कसलं गं गणित?’ असं आईनं विचारलं आणि आम्ही दोघी अडखळलो. ‘विविक्त गणित’ असा शब्द आहे, पण तो कानावर पडत नाही. संख्याशास्त्रात ‘खंडित चल’ म्हणतात, तसं ‘खंडित गणित’ म्हणावं का?

उत्तर : ‘खंडित’ मला खटकतो. वीजपुरवठा खंडित होतो, म्हणजे आधी तो चालू असतो. इथे काहीच तुटलेलं नाही, सगळं मुळातच सुटं आहे. १ आणि २ यांच्या मध्ये पूर्णांक नाही. बिट, म्हणजे संगणकातला माहितीचा सर्वांत लहान तुकडा, ० असतो, नाहीतर १. ‘विविक्त’ आणि ‘विवेक’ एकाच ‘विच्’ धातूचे, अर्थ वेगळं करणं. गीतेतला ‘विविक्तसेवी’ (१८.५२) म्हणजे एकांतात राहणारा. लिहिताना हाच शब्द ठेवावा.

आईंना मात्र बाजारातलं सांगा. केळी आपण मोजून घेतो, दूध मापून. ‘मोजणं’ आणि ‘मापणं’ हा भेद आपल्या बोलण्यात आहेच. कलन (कॅल्क्युलस) हे मापायचं गणित, विविक्त गणित मोजायचं. संगणकाचं काम बरंचसं मोजण्याचं: अकारविल्हे लावलेल्या हजार नावांत एक नाव शोधायचंय. मधलं नाव बघायचं, नको ती अर्धी यादी सोडायची. फार तर १० नावं बघावी लागतात, कारण २ चा दहावा घात १०२४. यादी कितीही मोठी असली तरी ही रीत चुकत नाही, हे दाखवायला विगमन (इंडक्शन) लागतं.

प्रश्न : हिंदी पुस्तकात विगमनाला ‘आगमन’ म्हटलेलं दिसलं. ते चालेल?

उत्तर : नको. मराठी तर्कशास्त्रात निगमन-विगमन ही जोडी रुळलेली आहे: निगमन म्हणजे नियमावरून निष्कर्ष काढणं, विगमन म्हणजे उदाहरणांवरून नियम बांधणं. भाचीला एवढं जरूर सांगा, की गणितातलं विगमन म्हणजे चार उदाहरणांवरून बांधलेला अंदाज नव्हे. पहिली पायरी पक्की करायची, मग कुठल्याही पायरीवरून पुढची गाठता येते हे सिद्ध करायचं. नाव विगमन, पण सिद्धता निगमनाचीच! मुलं नेमकी इथेच अडतात.

आणखी एक : या विषयातल्या ग्राफला, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांना, ‘आलेख’ म्हणू नये असं मला वाटतं. आलेख म्हटलं की अक्ष आणि वक्र डोळ्यांसमोर येतात. गणिती ऑयलरनं १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या ७ पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) सोडवलं, त्यात अक्ष नाहीत. जमिनीचे ४ तुकडे आणि त्यांना जोडणारे पूल, एवढंच. मी वर्गात ‘ग्राफ’च म्हणते.