जुन्या चर्चच्या डागडुजीसाठी फाउंडेशनचं अनुदान: अर्जात आधी काय मागावं?

शिखरवेल (प्रश्न)

दगडी चर्च, साधारण दीडशे वर्षांचं. लाकडी कैच्यांवर (छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) स्लेटचं छप्पर, एक घंटाघर, रंगीत काचांच्या खिडक्या. विश्वस्तांनी एका धर्मादाय फाउंडेशनकडे छप्पर, घंटाघराची भेग, खिडक्या, आतला रंग आणि रोषणाई अशा सगळ्याचा मिळून एकच अर्ज केला. ‘प्राधान्यक्रम स्पष्ट नाही’ एवढ्या शेऱ्यासह तो परत आला. पुढच्या फेरीत निम्मा खर्च आम्ही उचलायचा अशी अट आहे आणि पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार. कोणतं काम आधी मागावं? अर्जाला काय जोडावं? आणि छप्पर फारच गळतंय, तर आमच्या वाट्यातून काम आत्ताच सुरू केलं तर चालेल का?

चुन्याची_घाणी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. मंजुरीपत्र हातात पडण्यापूर्वी सुरू झालेल्या कामाला बहुतेक फाउंडेशनं छदामही देत नाहीत. ताडपत्री टाकणं, निसटलेल्या स्लेट जागेवर बसवणं, पन्हळ साफ करणं ही देखभाल झाली. ती बेलाशक करा आणि तारखेसह फोटो ठेवा.

क्रम पाण्याच्या वाटेने लावायचा. छप्पर, पन्हळी, पावसाचे पाइप, पायथ्याचा निचरा, मग दगडकाम, मग काचा. रंग सगळ्यात शेवटी, कारण ओल्या भिंतीवरच्या रंगाला फुगे येणारच आणि अर्ज तपासणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. रोषणाई या अर्जातून काढूनच टाका.

अर्जाचा कणा म्हणजे स्थिती-अहवाल, आणि कंत्राटदाराचं दरपत्रक म्हणजे अहवाल नव्हे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९५५ च्या कायद्यापासून दर ५ वर्षांनी इमारतीची तपासणी होते. त्या अहवालांत दोषापुढे निकड लिहितात: लगेच, वर्षभरात, ५ वर्षांच्या आत, जमल्यास. ही पद्धत कुठेही चालते. ‘उत्तरेकडची भिंत खराब’ असं मोघम नको. ‘उत्तर भिंत, तिसऱ्या खिडकीखाली, ४ चौ.मी., सिमेंटच्या दरजा (दगडांमधले सांधे), दगडाचे पापुद्रे. कारण: वरची पन्हळ तुंबलेली’ असं हवं.

सिमेंटच्या दरजा तुमच्याकडेही असतील असं धरून चाला. मऊ दगडापेक्षा सिमेंट कडक आणि पाणी अडवणारं असतं. मग भिंतीतली ओल दरजेऐवजी दगडातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साचून त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा दर्शनी थर सुटतो. वरवर दिसतो तो फक्त पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड. उपाय म्हणजे दरजा छिन्नीने हलक्या हाताने उकरायच्या (ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात), रुंदीच्या किमान दुप्पट खोल, आणि १ भाग चुन्याला अडीच ते ३ भाग स्वच्छ, टोकदार कणांची वाळू घेऊन भरायच्या. ऊन-वाऱ्यात ओलं गोणपाट टांगून ठेवावं लागतं आणि तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की काम बंद. कडाक्याच्या थंडीत चुन्याचं काम दाखवणारं वेळापत्रक जोडलंत तर अर्ज तिथेच पडेल.

घंटाघराच्या भेगेसाठी दुरुस्तीचे पैसे आत्ता मागूच नका. भेगेवर मापपट्टी बसवा, सगळे ऋतू मिळून वर्षभर नोंदी घ्या. पाया खचतोय, की दगडांत बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगताहेत, हे कळल्याशिवाय भेग बुजवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काही फाउंडेशनं तपासणी आणि आराखड्यासाठी वेगळं, लहान अनुदान देतात. ते आधी मागा.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण खरं घोडं पेंड खातं ते रोख पैशापाशी.

समजा काम १०० चं. ५० फाउंडेशनचे, ५० तुमचे. त्या ५० पैकी २५ टक्के, म्हणजे साडेबारा, आगाऊ मिळाले. पुढचे ६५ टक्के, साडेबत्तीस, वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या बिलांवर. उरलेले ५ अंतिम अहवालानंतर. कंत्राटदाराचं बिल महिन्यात चुकतं करायचं आणि फाउंडेशनचा हप्ता दोन महिन्यांनी येणार, म्हणजे तुमचे ५० जमले तरी मध्ये खड्डा पडतोच. बिनव्याजी उसनवारी किंवा राखीव निधी कुठून येणार, हे महिनावार तक्त्यात दाखवा. शेवटच्या ५ ची सोय कुणीच करत नाही आणि काम तिथेच रेंगाळतं.

अंदाजपत्रकात कर, वास्तुविशारदाची फी आणि परांची वेगळ्या ओळींत द्या. आकस्मिक खर्चाला १० ते १५ टक्के; जुन्या छपरात स्लेट उचलल्यावर वाशांची टोकं भिंतीत कुजलेली निघतात, तेव्हा ५ टक्क्यांनी भागत नाही. स्वयंसेवकांचे तास स्वतःच्या वाट्यात धरता येतात का, ते आधी लेखी विचारा. धरत असतील तर हजेरीपट पहिल्या दिवसापासून हवा.

परांची

क्रमाबाबत थोडा मतभेद. छपरासाठी परांची उभारलीच आहे आणि तिच्यावरून घंटाघराच्या वरच्या दरजा हाताशी येत असतील, तर त्या याच टप्प्यात घ्या. परांची दोनदा बांधणं परवडत नाही आणि एवढं कारण अर्जात दिलं तरी पुरतं.

दुसरं, मालकी. इमारत धर्मप्रांताच्या नावावर आणि अर्ज स्थानिक विश्वस्तांचा, ही नेहमीची अडचण. मालकाचं संमतीपत्र आणि लागू असेल तिथे वारसा खात्याची परवानगी नसेल तर बाकीची फाइल कुणी उघडतही नाही. बरीच फाउंडेशनं उपासनेला पैसे देत नाहीत, इमारतीला देतात. त्यामुळे चर्च किती तास खुलं असतं, प्रार्थनेखेरीज तिथे काय चालतं, हे आकड्यांत लिहा. अमेरिकेतल्या ‘नॅशनल फंड फॉर सेक्रेड प्लेसेस’सारख्या योजनेतही वास्तूच्या महत्त्वाबरोबर तिचा समाजाला होणारा उपयोग पाहतात. आणि करारातली देखभालीची कलमं सही करण्याआधी वाचा; बांधिलकी बरीच वर्षं राहते.

शिखरवेल

आभार. घंटाघराचा मूळ कळस पडून गेलाय, जुनं चित्र वा नकाशा नाही. जवळच्या दुसऱ्या चर्चसारखा नवा मागावा का?

चुन्याची_घाणी

नको. १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, सरळ सांगते की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि अर्ज तपासणारे तज्ज्ञ हीच सनद मानतात. उघड्या माथ्यावर शिशाचा पत्रा घ्या, तोही लहान तुकड्यांत. मोठा पत्रा उन्हात पसरून-आकसून फाटतो.