थायलंडचे बाजार कोणत्या वेळी पाहावेत? : आपल्या सहलीच्या आराखड्यावरील चर्चा

सचिव, बी-१०२: सर्वांना नमस्कार. जानेवारीतील आपल्या सोसायटीच्या थायलंड सहलीचा आराखडा आयोजकाकडून आला आहे. शनिवारी सकाळी साडेआठला बँकॉकहून निघून अकराच्या सुमारास दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार, तेथून मेकलाँगचा रेल्वे बाजार आणि चारपर्यंत हॉटेलवर परत, असे ठरले आहे. रविवारी दुपारी दोन वाजता बँकॉकमधील चातुचाक बाजार आहे. आपण १४ जण असून त्यांपैकी नऊ जण साठीच्या पुढचे आहेत. कोणाला बदल सुचवायचा असल्यास आज रात्रीपर्यंत लिहावे.

ए-४०३: सचिवसाहेब, आराखड्यातील ठिकाणे उत्तम आहेत, परंतु वेळा जवळजवळ सर्वच चुकल्या आहेत. माझी मुलगी तीन वर्षे बँकॉकला नोकरीस होती आणि त्या काळात मी तिच्याकडे पाच वेळा राहून आले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

थायलंडच्या प्रत्येक बाजाराचे स्वतःचे घड्याळ असते आणि ते चुकले की आपण केवळ दुकानांच्या रांगा पाहून परततो. दाम्नोएन सादुआकचेच पाहा. राजा मोंगकुट, म्हणजे चौथे राम, यांच्या काळात १८६६ ते १८६८ या वर्षांत थाचीन आणि मेकलाँग या दोन नद्या जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा कालवा खोदण्यात आला. दाम्नोएन सादुआक हे त्याचेच नाव असून त्याचा अर्थ साधारणपणे 'सुखाने जाणे-येणे' असा होतो. दोन्ही काठांवर फळबागा वाढल्या, माल होडीतून येऊ लागला आणि होडीतूनच विकला जाऊ लागला, कारण त्या मुलखात पाणी हाच रस्ता होता. पुढे डांबरी रस्ते झाले, होडीची गरज उरली नाही आणि आज तेथील बहुतेक व्यापार प्रवाशांवरच चालतो. तरीही सकाळी सात-आठच्या सुमारास गेल्यास वल्ह्याने हळूहळू येणारी फळांची होडी आणि त्या होडीतच पेटलेली शेगडी पाहायला मिळते. पहिल्या खेपेस एका सहल कंपनीबरोबर मी तेथे अकरा वाजता पोहोचले होते. इंजिनाच्या होड्यांची एवढी कोंडी झाली होती की आम्ही अर्धा तास एकाच जागी धूर घेत बसलो आणि दोन्ही बाजूंना तेच ते हत्तीचे चित्र असलेले पायजमे टांगलेले पाहिले.

म्हणून माझी सूचना अशी की, सात वाजता तेथे पोहोचण्याइतके लवकर निघणे आपल्या गटाला जमणार नसेल, तर दाम्नोएन सादुआक सरळ वगळावे आणि त्याऐवजी अम्फवाचा तरंगता बाजार घ्यावा. तो बाजार शुक्रवार, शनिवार आणि रविवारीच भरतो आणि दुपारनंतर रंगू लागतो. (त्या नावाचा अर्थ आमराई असा आहे आणि त्यातला 'अंब' आपल्या ओळखीचा आहे.) शिवाय मेकलाँग तेथून सहा-सात किलोमीटरवरच आहे, त्यामुळे एकाच दुपारी दोन्ही पाहून होतात.

सी-२०१: ताई, मेकलाँगला बाजाराच्या मधून आगगाडी दिवसभर सारखी जात असते ना? व्हिडिओत तसेच दिसते. मग वेळेचा एवढा विचार कशाला करायचा?

ए-४०३: नाही दादा, गाडी दिवसातून मोजक्याच वेळा येते. गाडी नसताना तो एक साधा, गजबजलेला मासळी-भाजीचा बाजार असतो आणि आपण तासभर उन्हात उभे राहतो. दुपारी अडीचच्या सुमारास एक गाडी येते आणि साडेतीनच्या सुमारास तीच परत जाते. तरीही आदल्या दिवशी वेळापत्रकाची खात्री करून घ्यावी. थाई लोक या जागेला 'तलात रोम हुप', म्हणजे छत्र्या मिटण्याचा बाजार, म्हणतात. भोंगा वाजला की विक्रेत्या आपापली ताडपत्री मागे ओढतात, चाकांवरची मासळीची फळी मागे सरकवतात आणि रुळालगत ठेवलेल्या भाजीच्या बुटक्या पाट्या मात्र तशाच राहू देतात, कारण गाडीचा डबा त्यांच्यावरून अलगद निघून जातो. गाडी गेल्यावर मिनिटभरात बाजार पुन्हा पहिल्यासारखा पसरतो. हे सर्व कोणाला दाखवण्यासाठी नसून त्यांचे रोजचे काम आहे, म्हणून छायाचित्राच्या नादात त्यांच्या मालावर पाय पडणार नाही आणि आपले गुडघे, पिशव्या रुळांपासून दूर, आखलेल्या रेषेच्या आत राहतील याची काळजी घेतली पाहिजे.

आपल्या कोकणातल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगते. तेथील प्रसिद्ध मासा 'प्ला थू' हा आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ शोभेल असा असतो. तो वाफवून बांबूच्या लहान गोल टोपल्यांत ठेवतात आणि टोपलीत मावावा म्हणून त्याची मान वाकवतात. मेकलाँगच्या प्ला थूची ओळखच 'वाकलेला चेहरा, मोडलेली मान' अशी आहे.

डी-५०४: मासे आणि होड्या ठीक आहेत, परंतु माझ्या सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बाजारात त्यांनी काय खावे? केवळ फळांवर दिवस काढावा लागेल का?

ए-४०३: अजिबात नाही. 'जे' हा एक शब्द आणि त्याची पिवळी पताका लक्षात ठेवा. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. 'जे' आहारात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा आणि लसूण यांपैकी काहीही चालत नाही, त्यामुळे आपल्या सासूबाईंना तो आपल्या नेमाच्या फार जवळचा वाटेल. 'मंगसविरत' हा दुसरा शब्द ऐकू येईल, पण त्यात अंडी चालतात. केवळ 'भाज्यांचे द्या' असे सांगून भागत नाही, कारण 'नाम प्ला' म्हणजे माशाचा रस आणि 'कापी' म्हणजे कोळंबीचे वाटण हे तेथील स्वयंपाकात मिठाइतके मुरलेले आहेत. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, ज्याला 'सोम तम' म्हणतात, माशाचा रस तर असतोच, पण बहुधा सुकी कोळंबीही असते.

गोडात मात्र एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. सोनेरी शेवयांच्या जुड्यांसारखा दिसणारा 'फोय थोंग' नावाचा पदार्थ प्रत्येक बाजारात मिळतो आणि पाहताक्षणी आपल्याला तो केशर घातलेला शेवयांचा प्रकार वाटतो. तो अंड्याच्या बलकाचा असतो आणि सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या संपर्कातून अयुथ्या या थायलंडच्या जुन्या राजधानीच्या दरबारी पोहोचला. मी स्वतः न विचारता एका शाकाहारी मैत्रिणीला तो खाऊ घातला आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. त्याऐवजी 'खानोम क्रोक' शोधावे. हुबेहूब आपल्या आप्पेपात्रात तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध घालून ते करतात. वर कधी मका तर कधी कांद्याची पात असते, म्हणून पात नको असे आधी सांगावे. आंबा आणि चिकट भात तर आहेच. गोकर्णाच्या फुलांचे निळे सरबत मिळते आणि त्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते.

बी-६०२: आमच्या कार्यालयातील एकाने सांगितले की तेथे सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करावी. हे खरे आहे का?

ए-४०३: या सल्ल्याशी मी सहमत नाही. ताज्या भाजी-फळांच्या बाजारात, ज्याला 'तलात सोत' म्हणतात, किलोचा भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि तो सर्वांना सारखाच असतो. तेथे घासाघीस करणे शोभत नाही. कपडे आणि शोभेच्या वस्तूंसाठी 'लोत दाय माय', म्हणजे 'कमी होईल का', असे हसून एकदा विचारावे. विक्रेतीला वयाप्रमाणे 'पा' किंवा 'फी' म्हणावे. मावशी आणि ताई म्हणण्याची ही रीत आपल्याला शिकावी लागत नाही, आणि तिचा परिणाम निम्म्या किमतीच्या हुज्जतीपेक्षा नक्कीच चांगला होतो. सकाळच्या पहिल्या विक्रीला ते 'प्रादोएम' म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाची नोट हाती आली की विक्रेती ती मांडलेल्या सगळ्या मालाला हळूच लावत जाते. ही आपली भवानीच आहे, आणि चियांग माईच्या वारोरोत बाजारात एका आजींनी माझ्या २० बाहतच्या नोटेने असे केले, तेव्हा परक्या देशात आहोत ही जाणीवच क्षणभर गेली.

सचिव, बी-१०२: ताई, चातुचाकचे काय करावे? आणि ज्येष्ठांना झेपेल असा एखादा बाजार आहे का?

ए-४०३: चातुचाकमध्ये २७ विभाग आणि १५ हजारांवर दुकाने आहेत, आणि दुपारी दोन वाजता त्या पत्र्यांखाली वारा हलत नाही. सकाळी दहाला जावे, चुकल्यास भेटण्यासाठी मध्यावरील घड्याळाचा मनोरा ठरवावा आणि दोन तासांत बाहेर पडावे. ज्यांना चालणे जमणार नाही त्यांनी कांफेंग फेत मेट्रो स्थानकालगतच्या 'ओर तोर कोर' बाजारात बसावे. तो स्वच्छ आहे आणि फळांसाठी नावाजलेला आहे. ड्युरियन या उग्र वासाच्या काटेरी फळाचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्टचा असल्याने जानेवारीत तो महाग असेल, आणि घेतलाच तर तेथेच खावा, कारण बहुतेक हॉटेले तो आत आणू देत नाहीत.

ज्येष्ठांसाठी माझी खरी शिफारस 'पाक ख्लोंग तलात' या फुलबाजाराची आहे. तो रात्रंदिवस उघडा असतो, परंतु माल रात्री उतरतो, म्हणून पहाटे तेथे गेल्यास झेंडूच्या राशी, पाकळ्या दुमडलेली कमळे आणि मोगऱ्याच्या 'फुआंग मालाय' माळा ओवणाऱ्या बायका दिसतात. दादरचा फुलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना वास ओळखीचा वाटेल, मात्र त्यांची माळ गुंफण्याची पद्धत पाहत उभे राहावे इतकी बारीक असते. सनाम चाय हे मेट्रो स्थानक जवळ आहे आणि वाट फो मंदिरही जवळच असल्याने आपल्या कार्यक्रमात हे सहज बसते.

आणखी एक सांगायचे राहिले. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते तेव्हा बाजारही जागच्या जागी थांबतो. आपणही थांबावे.

सचिव, बी-१०२: मग शनिवारी दुपारी साडेबाराला निघून आधी मेकलाँग, नंतर अम्फवा आणि रात्री तेथेच काजवे पाहण्यासाठी होडीची फेरी, रविवारी पहाटे फुलबाजार आणि वाट फो, त्यानंतर दहाला चातुचाक, असे आयोजकाला कळवतो.

ए-४०३: कळवा. काजवे पावसाळ्यात आणि अंधाऱ्या रात्री अधिक दिसतात, म्हणून त्या शनिवारी पौर्णिमा तर नाही ना, हे कालनिर्णयात पाहून घ्या. पौर्णिमेच्या आसपास असेल तर होडीचे पैसे आधी भरू नका. सर्वांनी २० बाहतच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात आणि मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात, कारण मेकलाँगच्या मासळीच्या भागात खाली सतत पाणी असते आणि अम्फवाच्या होडीत उतरताना धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात.