सड्यावरची करवंदे, रातांबे आणि धनेश खातात ते नारिंगी फळ

कातळवासी

नमस्कार. निवृत्तीनंतर गेल्या वर्षापासून आम्ही उभयता संगमेश्वर तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरी राहायला आलो आहोत. घरामागे सुमारे दोन एकर चढणीची जमीन आहे आणि तिच्या माथ्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडा खडकाळ माळ. तीस-पस्तीस वर्षे तिकडे कोणी फिरकले नसल्यामुळे लागवड अशी काही उरलेली नाही. परंतु करवंदाच्या जाळ्या, तोरणाची झुडपे, वहाळाच्या (ओढ्याच्या) काठी तीन जांभळी आणि घराच्या उत्तरेला रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार झाडे आपापली वाढलेली आहेत. लहानपणी मे महिन्यात इथे येत असू तेव्हा ही फळे झाडाखाली उभे राहून खायची, एवढेच आम्हांला ठाऊक होते. ती घरात आणून त्यांचे काय करायचे, हे आजीला आणि काकूंना माहीत होते, आणि ते त्यांना कधीच विचारले नाही.

गेल्या उन्हाळ्यात दोन किलो पिकलेल्या करवंदांचा जॅम करून पाहिला. पातेल्याच्या कडेला रबरासारखा चिकट थर बसला, तो तीन दिवस निघाला नाही, आणि जॅम खाल्ल्यावर घशाशी काहीतरी धरल्यासारखे होत होते. रातांब्याची आमसुले घातली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात बुरसटली. चारपैकी दोन रातांब्यांना एकही फळ धरले नाही, म्हणून गडी ती तोडून टाकू या म्हणतो आहे.

शेवटचा प्रश्न असा, की वहाळापलीकडे एक मोठे झाड आहे आणि त्याला लहान संत्र्याएवढी, गुळगुळीत, कठीण कवचाची फळे धरली आहेत. गेल्या हिवाळ्यात ती नारिंगी झाली तेव्हा धनेशांचे थवेच्या थवे येऊन ती खात होते. पक्षी इतक्या आवडीने खातात म्हणजे फळ खाण्याजोगे असावे, असा माझा समज आहे. तरीही नाताळच्या सुट्टीत नातू येणार असल्यामुळे आधी विचारून घ्यावेसे वाटले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानओळख

सर्वप्रथम शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतात. आपण केलेल्या वर्णनावरून ते झाड काजऱ्याचे असण्याची दाट शक्यता आहे. त्याची पाने समोरासमोर येतात, वरून तकतकीत असतात आणि देठापाशीच तीन किंवा पाच ठळक शिरा फुटून त्या टोकाकडे धावतात. फळ फोडले तर आत पांढुरका मऊ गर आणि त्यात बटणासारख्या चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या बिया दिसतात. आयुर्वेदात ज्याला कुचला म्हणतात तो हाच. त्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असते. त्याने शरीराचे स्नायू आखडतात, झटके येतात आणि श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. औषधात तो शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि ते शोधन हा घरी करून पाहण्याचा प्रकार नव्हे. आपल्या वाडीतल्या कोणत्याही वयस्कर माणसाला ते झाड दाखवा, तो दुरूनच नाव सांगेल. तोवर फळ फोडूनसुद्धा पाहू नये, आणि नातवाला झाड दाखवून नाव सांगून ठेवावे, कारण न दाखवलेल्या झाडाकडे मुले हटकून जातात. चुकून कोणी खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता थेट रुग्णालय गाठावे, कारण अशा वेळी उलटी झटक्यांना निमित्त होऊ शकते.

आता पक्ष्यांविषयी. धनेशांना काजरा अतिशय प्रिय आहे आणि त्यांना त्यापासून काहीही होत नाही. पक्ष्याला पचते ते माणसाला पचेल, हा आडाखा कोकणात तरी या एका झाडावरच मोडतो. दुसरा आडाखा असा सांगतात, की पांढरा चीक निघतो ते फळ टाळावे. तो पाळला तर करवंद, फणस, उंबर आणि चिकू ही चारही फळे सोडावी लागतील. उलट काजऱ्याला चीक नाही. अशा आडाख्यांवर माझा विश्वास नाही. झाड एकेक करून, नावानिशी आणि वर्षभर पाहून ओळखावे लागते. पान केव्हा येते, फूल कसे असते, फळ कच्चे असताना कोणत्या रंगाचे असते, हे सगळे पाहिल्यावरच तोंडात घालावे. आमच्याकडे मी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी फक्त तीन झाडे देत असे, आणि त्यातही एखाद्याची गफलत होई.

आपल्या सड्यावर आमगूळही असण्याचा संभव आहे. दुसऱ्या झाडांवर रेललेले हे झुडूप पान उलटे केले की चंदेरी दिसते आणि त्याच्या तांबूस फळावर पांढरे बारीक ठिपके असतात; उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पिकते आणि त्याचे सरबत उत्तम होते. घाणेरीची काळी पिकलेली फळे मुले खातात हे खरे असले तरी हिरवी फळे विषारी असल्यामुळे घरात आणण्याच्या यादीत मी ती कधीच धरत नाही.

जाळीकाठची

काका, करवंदांचे मी सांगते. आमचे सासर राजापूरच्या सड्यावरचे आणि दर वर्षी आमच्या घरी दहा-बारा किलो करवंदे येतात.

आपल्या पातेल्याला लागले ते करवंदाचे चीकच होते. फळ तोडताना देठाशी जो पांढरा थेंब येतो, तो पुसला गेला नाही तर शिजताना वर येतो आणि कडेला रबरासारखा बसतो. घशाशी धरते तेही त्यामुळेच. करवंदे काढून आणली की लगेच शिजवू नयेत. सुपात पसरून एक रात्र ठेवावीत म्हणजे चीक वाळतो, आणि सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून हातांनी चोळून दोनदा धुवावीत. देठाचा भाग नखाने काढून टाकला तर फारच चांगले, पण दोन किलोंना तेवढा धीर कोणाला असतो? पातेल्याला आतून तेलाचे बोट फिरवावे आणि शिजताना वर येणारा फेस चमच्याने काढत राहावे. आता बसलेला थर घासणीने निघणार नाही. खोबरेल चोळून तासभर ठेवा आणि कापडाने पुसून घ्या.

पातेले स्टीलचेच घ्यावे, ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई उडालेले पितळेचे अजिबात नको, कारण आंबट रसाने ते उतरते. करवंदात पेक्टिन, म्हणजे रस गोठवणारा फळातला घटक, भरपूर असल्यामुळे जॅम घट्ट होण्यासाठी वेगळे काही घालावे लागत नाही. चार वाट्या काळ्या करवंदांत एक वाटी तांबूस, अर्धवट पिकलेली घातली तर तो अधिक चांगला जमतो. शिजल्यावर गर चाळणीतून दाबून काढावा, बिया राहू देऊ नयेत.

माझ्या मते मात्र करवंदाचे खरे चीज जॅममध्ये होत नाही, ते कच्च्या करवंदांच्या लोणच्यात होते. मार्चअखेरीस हिरवी, आत बी अजून कोवळे असलेली करवंदे काढून, ठेचून, मीठ लावून एक दिवस ठेवावीत. सुटलेले पाणी काढून टाकावे आणि मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट आणि गूळ घालून थंड केलेल्या फोडणीत कालवावीत. कैरी महाग असते त्या वर्षी आमच्याकडे वर्षभर हेच पुरते.

जाळीत हात घालताना काठीने आधी हलवून घ्यावे आणि पायात बूट असावेत. कातळावर फुरसे हा विषारी साप असतो, ते दगडाच्या रंगाचे असल्यामुळे दिसत नाही, आणि मे महिन्यात सावलीसाठी ते नेमके जाळीच्या बुडाशीच येऊन बसते. नातवाला कोंबडा-कोंबडी खेळू द्या, करवंद चावून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढुरके निघाले तर कोंबडी, पण करवंदे काढायला मोठ्या माणसाने जावे.

माजघर

रातांब्याची दोन झाडे कृपया तोडू नयेत. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून उगवलेल्या झाडांपैकी जवळजवळ निम्मी नर निघतात. नर झाडाला फळ धरत नाही, पण परागासाठी ते लागते. फुलोऱ्याच्या वेळी जवळ जाऊन पाहा: नराच्या फुलात पिवळसर पुंकेसरांचा गुच्छ दिसतो, मादीच्या फुलात मधोमध हिरवी गोल बोंडी. चारांत दोन नर म्हणजे थोडे जास्तच झाले, पण ही झाडे लावलेली नसून आपोआप आलेली आहेत, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? पुढे लागवड करायचीच झाली तर कलमे घ्यावीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठी चांगली आहे.

आमसुले बुरसटण्याचे कारण बहुधा घाई आणि मीठ कमी पडणे, ही दोन्ही असावीत. रातांबा फोडून सालीच्या वाट्या वेगळ्या कराव्यात, गर आणि बिया दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात मीठ घालून रस सोडू द्यावा. साली दिवसभर कडक उन्हात वाळवून रात्री त्या रसात बुडवून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालायच्या. याला पुटे देणे म्हणतात. आमच्या घरी निदान पाच पुटे देतात, सात दिली तर सोल (आमसूल) काळेभोर, मऊ आणि दोन वर्षे टिकणारे होते. एका पुटावर वाळवून बरणीत भरलेली साल वरून कोरडी दिसते, आत मात्र ओल राहते आणि मृगाचा दमटपणा लागताच तिला बुरशी धरते. पंचाईत अशी, की रातांबा पिकतो तो एप्रिलच्या शेवटापासून आणि मेअखेरीस वळवाचा पाऊस येऊन गाठतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यातल्या फळांची आमसुले घालावीत आणि नंतर मिळणाऱ्या फळांचे आगळ (मीठ घालून टिकवलेला रस) किंवा अमृत कोकम (साखरेतले सरबत) करावे. आगळासाठी ऊन नाही, मीठ लागते. अमृत कोकमाला एक किलो सालींना दोन किलो साखर, थरावर थर, काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज लाकडी पळीने हलवायचे आणि गाळून घ्यायचे.

बिया फेकू नयेत. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर तेल तरंगते. ते गार झाल्यावर थिजते आणि मुठीने दाबून त्याचे गोळे वळतात. थंडीत टाचांच्या भेगांना यासारखे दुसरे काही मी तरी पाहिलेले नाही.

घाटपायथा

वर सर्व काही नीट सांगून झाले आहे, म्हणून कोणी न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहितो. कातळवासी यांची जमीन मालकीची आहे, तेव्हा त्यांना अडचण नाही. परंतु हा धागा वाचून पिशव्या घेऊन घाटात निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की राखीव वनातून वनोपज उचलण्याला १९२७ च्या भारतीय वन कायद्याने आणि अभयारण्यातून काही नेण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला तो पिढ्यान्‌पिढ्या त्या वनावर जगत आलेल्यांना. शनिवार-रविवारी गाडी घेऊन येणारे आपण त्यांत बसत नाही. देवराईत तर गळून पडलेले फळसुद्धा न उचलण्याची रीत अनेक गावांत आजही पाळतात.

घाटाच्या वळणावर पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या ठाकर किंवा कातकरी बाया पहाटे काट्यांत शिरून ती काढतात. उन्हाळ्याचे ते पाच-सहा आठवडे त्यांच्या हातात रोख पैसा येण्याचे असतात. ज्या जाळ्या त्या वर्षानुवर्षे काढत आल्या आहेत त्या हौसेखातर ओरबाडण्यापेक्षा त्यांच्याकडून द्रोण विकत घ्यावा, आणि भाव करू नये.

किती काढावे, याला माझ्याकडे मोजमाप नाही. आमच्याकडे जाळीच्या आतली आणि वरच्या शेंड्याची फळे ठेवतात. बुलबुल आणि उदमांजर ती खाऊन बिया पसरवतात. खरे नुकसान तोडणीने होतच नाही, ते फेब्रुवारी-मार्चच्या वणव्याने होते. करवंद त्याच वेळी फुलावर असते आणि एका दुपारी वर्षाचे पीक जाते. काका, सड्याच्या कडेने डिसेंबरातच गवत कापून पाच-सहा हातांचा पट्टा मोकळा करून घ्यावा.

कातळवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल शेजारच्या वाडीतल्या एका आजींना वहाळापर्यंत घेऊन गेलो. त्यांनी झाड लांबूनच पाहिले, “काजरो तो, त्याच्याखाली गुरांनाही उभं करीत नाही आम्ही,” असे म्हणाल्या आणि परत फिरल्या. पानाच्या पाच शिरा मी नंतर मोजून पाहिल्या. झाड तोडायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण धनेश त्यासाठीच येतात. खोडाला मात्र चुन्याचा जाड पट्टा मारून घेतला आहे आणि नातू आला की पहिल्याच दिवशी त्याला तिथे नेणार आहे.

रातांब्यांची तोड थांबवली आहे. पातेले खोबरेलाने स्वच्छ झाले. गवत कापायला दोन माणसे पुढच्या सोमवारपासून येणार आहेत. परत येताना आजींनी सड्यावर चंदेरी पानाचे एक झुडूप दाखवले आणि त्याला आमगूळच म्हटले, परंतु त्यावर या दिवसांत फूलही नाही आणि फळही नाही. तेव्हा पानओळख यांच्या सांगण्याप्रमाणे ते एक वर्ष नुसते पाहणार आहे. जाळीकाठची ताई, लोणच्यासाठी करवंदे मार्चअखेरीस काढायची म्हणालात, तर बी कोवळे आहे हे न फोडता ओळखता येते का?

जाळीकाठची

न फोडता नाही ओळखता येत, काका. दर जाळीतले एकेक फळ नखाने चिरून पाहावे. बी नखाखाली दबले तर त्या जाळीची काढावीत, नाही दबले तर ती पिकायला सोडून द्यावीत.