पाळीनुसार साडेसात आठवडे, सोनोग्राफीत पावणेसहा: गर्भाचे खरे वय कोणते धरायचे?

प्रश्न – अनामिका

नमस्कार. माझी ही पहिलीच वेळ आहे. माझी पाळी कधीच अठ्ठावीस दिवसांनी येत नसे. ती साधारण चाळीस दिवसांनी येते आणि तारखा मी नेमाने लिहून ठेवते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले, तर सोनोग्राफीच्या दिवशी मला ७ आठवडे ३ दिवस झाले होते. रिपोर्टवर मात्र ५ आठवडे ५ दिवस असे लिहिलेले आहे. गर्भकोश गर्भाशयातच आहे, त्यात पीतक कोश (भ्रूणाजवळची लहान पिशवी, योक सॅक) दिसतो आहे, भ्रूणाची लांबी २ मिलिमीटर आहे, आणि शेवटी ‘हृदयाचे ठोके अद्याप दिसत नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी’ असा शेरा आहे.

डॉक्टरांनी घाबरू नका असे सांगितले, परंतु त्या क्षणी मला काही विचारायचे सुचले नाही आणि घरी आल्यापासून मनात एकच गोष्ट घोळते आहे, की वाढ जवळजवळ दोन आठवडे मागे पडली आहे का. शिवाय आम्ही दोघांनी आमच्या परीने हिशेब केला, तर प्रत्यक्ष गर्भधारणा होऊन जेमतेम चार आठवडेच झाले असावेत असे वाटते. म्हणजे साडेसात, पावणेसहा आणि चार असे तीन आकडे समोर आहेत. यातला कोणता खरा, आणि या वयात आत नेमके काय घडत असते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद – गर्भविज्ञान शिकवणारी

अनामिकाताई, तुम्ही दिलेल्या माहितीवरून हे तिन्ही आकडे एकमेकांशी पूर्णपणे जुळतात, आणि ते कसे जुळतात हे कळले की तुमच्या मनावरचे बरेच ओझे उतरेल, असे मला वाटते.

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे ही जुनी वैद्यकीय रीत आहे. तिचे कारण व्यावहारिक आहे: पाळीची तारीख स्त्रीला सांगता येते, फलन कोणत्या दिवशी झाले हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे या मोजणीतल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ अस्तित्वातच नसतो. त्या काळात बीजांडकोशात एक स्त्रीबीज पक्व होत असते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर ते साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांत चौदा दिवसांच्या आसपासच राहतो. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे चाळीस दिवसांच्या पाळीत स्त्रीबीज चौदाव्या नव्हे, तर सुमारे सव्विसाव्या दिवशी बाहेर पडते, आणि तुमच्या गणनेत इथेच बारा दिवसांचा फरक पडला.

आता हिशेब पाहा. ७ आठवडे ३ दिवस म्हणजे ५२ दिवस. त्यातून १२ वजा केले की ४० उरतात, म्हणजेच ५ आठवडे ५ दिवस. रिपोर्टवर हेच आहे. या चाळीसमधून रिवाजाचे १४ दिवस काढले की २६ उरतात, आणि ते झाले फलनापासूनचे दिवस, म्हणजे तुम्ही दोघांनी काढलेले जेमतेम चार आठवडे. भ्रूण मागे पडलेले नाही. पाळीच्या तारखेवरून काढलेली गणना पुढे धावली आहे.

या सव्वीस दिवसांत काय घडते, ते थोडे विस्ताराने सांगते, कारण संपूर्ण गर्भारपणातला हा सर्वांत वेगवान आणि सर्वांत कमी दिसणारा टप्पा आहे. बाहेर पडलेले स्त्रीबीज बारा ते चोवीस तासच टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. फलन बहुधा बीजवाहिनीच्या रुंद भागात होते. फलित बीज सुमारे एका दिवसाने दुभंगते, मग दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी होतात. या काळात पेशींची संख्या वाढते, परंतु एकूण आकार वाढत नाही, कारण सगळे विभाजन बीजाभोवतीच्या त्याच पारदर्शक आवरणाच्या आत चाललेले असते आणि प्रत्येक विभाजनागणिक पेशी लहान होत जातात. पाचव्या दिवसापर्यंत आत पोकळी तयार होते आणि पेशींचे दोन गट पडतात: बाहेरच्या थरापासून पुढे वार बनते, आतल्या लहानशा पुंजक्यापासून बाळ. त्यानंतर ते आवरण फुटते, मोकळा झालेला हा गोळा सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास त्यात पूर्णपणे रुजतो. लघवीच्या चाचणीत जे संप्रेरक सापडते ते हाच बाहेरचा थर तयार करतो, म्हणून रुजण्याआधी चाचणी करून काही उपयोग होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर होतात. वरच्या थरापासून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यापासून स्नायू, हाडे, रक्त, हृदय व मूत्रपिंडे, आणि खालच्यापासून आतड्यांचे व फुप्फुसांचे अस्तर तयार होते. मज्जासंस्थेची सुरुवात पाठीच्या मध्यरेषेवरच्या एका सपाट पट्टीपासून होते. त्या पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि बाविसाव्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागात प्रथम जुळतात. तिथून हा जोड वर आणि खाली दोन्हीकडे सरकत जातो आणि पट्टीची नळी, म्हणजे चेतानलिका, बनते. डोक्याकडचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते, कमरेकडचे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. हृदयाच्या नळीचे आकुंचनही बाविसाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते. तुमची तपासणी सव्विसाव्या दिवशी झाली, म्हणजे हे सारे अगदी त्याच दिवसांत चालू होते. हातांचे कोंब उगवायची वेळही हीच, आणि पायांचे कोंब त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसू लागतात.

पुढचे थोडक्यात सांगते. फलनापासून आठ आठवडे, म्हणजे रिपोर्टच्या मोजणीने दहा आठवडे पूर्ण होईपर्यंत जवळजवळ सर्व अवयवांची मांडणी झालेली असते आणि लांबी सुमारे ३ सेंटिमीटर असते. तिथून पुढे त्याला भ्रूण न म्हणता गर्भ म्हणतात, आणि नंतरचे काम मुख्यतः वाढीचे व परिपक्वतेचे असते. पहिल्या खेपेला हालचाल बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवते. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो, परंतु तो पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचे मोठे कारण हेच असते.

प्रतिसाद – सोनोग्राफी करणारा

वरच्या प्रतिसादातली गणना अचूक आहे. मी फक्त पडद्यावर काय दिसते आणि ठोके न दिसण्याचा अर्थ काय, एवढ्यापुरते लिहितो.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गोष्टी ठरावीक क्रमाने दिसू लागतात: साधारण पाच आठवड्यांना गर्भकोशाचा लहान काळा गोल, साडेपाच आठवड्यांना त्यात पीतक कोशाचे पांढरे वलय, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास त्या वलयाच्या कडेला चिकटलेली भ्रूणाची बारीक पांढरी रेघ. याच रेघेत ठोका प्रथम दिसतो. ऐकू येण्याआधी तो एका ठिकाणी लुकलुकताना दिसतो. पोटावरून तपासणी केली तर हेच सारे सुमारे आठवडाभर उशिरा दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये गर्भकोश गर्भाशयाच्या आत आहे आणि पीतक कोशही आहे, या दोन्ही नोंदी महत्त्वाच्या आहेत, कारण गर्भ बीजवाहिनीत अडकल्याची शंका त्यामुळे जवळजवळ दूर होते.

२ मिलिमीटरच्या भ्रूणात ठोका न दिसणे ही चिंतेची खूण मानली जात नाही. गर्भाची वाढ थांबली आहे असे निश्चितपणे म्हणण्यासाठी भ्रूणाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असूनही ठोका नसावा, किंवा गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही त्यात भ्रूण नसावे, असा निकष आहे. पूर्वी या मर्यादा ५ आणि १६ मिलिमीटर इतक्या कमी होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकषांत त्या मुद्दाम वाढवल्या, कारण घाईने काढलेल्या निष्कर्षामुळे एखादे चांगले गर्भारपण संपवले जाऊ नये. दोन आठवडे थांबायला सांगण्यामागेही हाच विचार आहे. या वयात भ्रूण रोज सुमारे १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे सर्व ठीक असेल तर पुढच्या तपासणीत लांबी १४-१५ मिलिमीटरच्या जवळ असेल आणि ठोका स्पष्ट दिसेल. चार दिवसांनी अधीर होऊन तपासणी केली आणि पुन्हा अर्धवट उत्तर मिळाले, तर त्रास वाढतो, म्हणून तेवढे थांबावे असे मनापासून सांगतो.

खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हेही लिहितो, की सुरुवातीच्या आठवड्यांत काही गर्भ थांबतात, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषांमुळे थांबतात. जिना चढल्याने, काम केल्याने किंवा मनावर ताण आल्याने तसे झाले, असा दोष स्त्रीने स्वतःला लावून घेऊ नये. दरम्यान जास्त रक्तस्राव झाला, पोटात तीव्र दुखू लागले किंवा भोवळ आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेबद्दल: नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत आणि पाळीच्या गणनेत ५ दिवसांपेक्षा अधिक फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. तुमचा फरक १२ दिवसांचा असल्याने तारीख तेवढी पुढे जाईल. एकदा ती ठरली की नंतरच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली तरी ती बदलायची नाही. शेवटच्या तिमाहीत प्रत्येक बाळाची ठेवण निराळी होत जाते आणि आकारावरून काढलेले वय तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते. तेव्हाच्या फरकातून बाळाची वाढ कळते, वय कळत नाही.

प्रतिसाद – आयव्हीएफमधून आई झालेली

दोन आठवडे जास्तीचे कसे, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तोही आमच्या बाबतीत फलनाचा दिवस प्रयोगशाळेच्या नोंदीत लिहिलेला असताना. पाच दिवसांचे भ्रूण गर्भाशयात सोडले, त्याच दिवशी कागदावर गर्भारपणाचे वय २ आठवडे ५ दिवस असे लिहिले गेले. पाळीचा दिवस गृहीत धरण्याची काहीही गरज नसतानाही ते चौदा दिवस मिळवले जातात, कारण पुढच्या सर्व तपासण्यांचे आणि वाढीच्या तक्त्यांचे आठवडे त्याच मापाने छापलेले असतात. त्यामुळे ताई, डॉक्टरांशी बोलताना रिपोर्टवरचेच आठवडे सांगा. घरातला चार आठवड्यांचा हिशेब बरोबर असला तरी दवाखान्यात त्याने गोंधळच होईल.

अनामिका

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. वजाबाकी मी स्वतः करून पाहिली आणि रात्री शांत झोप लागली. मात्र गर्भविज्ञानाच्या मॅडमनी अठ्ठाविसाव्या दिवसाबद्दल, म्हणजे ही नळी मिटण्याबद्दल, लिहिले आहे ते वाचून एक नवी शंका आली. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मी गर्भधारणेच्या आधी घेत नव्हते. सोनोग्राफीच्या आठवडाभर आधी चाचणी पॉझिटिव्ह आली, त्या दिवसापासून रोज घेते आहे. मग तिचा काही उपयोग झाला असेल का?

प्रतिसाद – गर्भविज्ञान शिकवणारी

इथेही तुमचे खरे दिवस मोजा. सोनोग्राफी सव्विसाव्या दिवशी झाली, म्हणजे गोळी साधारण एकोणिसाव्या दिवशी सुरू झाली. त्या वेळी पट्टीच्या कडा नुकत्या उचलल्या जाऊ लागलेल्या असतात आणि जुळायला सुरुवातही झालेली नसते. पाळीच्या तारखेवर विसंबला असता, तर हा काळ केव्हाच उलटून गेला असेच तुम्हाला वाटले असते.

तरीही गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असे जे सांगितले जाते, त्याचे कारण शरीरातला साठा हळूहळू वाढतो. एका आठवड्यात तो पूर्ण भरत नाही. त्यामुळे पूर्ण संरक्षण मिळाले असे मी म्हणणार नाही, परंतु गोळी वाया गेली असेही नाही. ही नळी नीट न मिटण्याचा दोष, जो टाळण्यासाठी ही गोळी असते, मुळातच क्वचित आढळतो आणि गोळी उशिरा सुरू करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे निरोगी जन्मतात. बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत ती रोज घेत राहा, आणि त्यानंतर काय करायचे ते डॉक्टर सांगतील. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान होणाऱ्या सविस्तर सोनोग्राफीत पाठीचा कणा मणक्या-मणक्याने पाहिला जातो, ती तपासणी मात्र चुकवू नका.

हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना. ज्यांच्या आधीच्या गर्भात चेतानलिकेचा दोष होता, त्यांना याच्या दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा लागते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एवढ्या मात्रेने तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले होते. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्या फिट्सची औषधे घेतात, त्यांनीही आपली मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि हे बोलणे पाळी चुकण्याची वाट न पाहता, मूल हवे असे ठरवाल तेव्हाच करावे.