'रोमहर्षक' शब्दात हर्ष कुणाचा?

प्रश्न: पाठलागाच्या, अपघाताच्या वर्णनात 'रोमहर्षक' हा शब्द दिसतो. जिवावरच्या प्रसंगात हर्ष कसला? शब्द चुकतोय का?

उत्तर: शब्द अगदी बरोबर आहे. हर्ष माणसाला झालेला नाही, अंगावरच्या रोमांना झालाय. संस्कृतात 'हृष्' म्हणजे आनंदणं, तसंच ताठ उभं राहणंही. हा दुसरा अर्थ मराठीत मागे पडला, म्हणून आपण अडखळतो. पाणिनीने लोमांसाठी, म्हणजे रोमांसाठीच, 'हृषेर्लोमसु' असं वेगळं सूत्रच दिलंय: 'हृष्टानि लोमानि' म्हणा नाहीतर 'हृषितानि लोमानि', दोन्ही चालतं. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन 'रोमहर्षश्च जायते' म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडलीय, अंग थरथरतंय. आनंदाचा तिथे मागमूस नाही. उलट पुराणं सांगणाऱ्या सूताचं नाव लोमहर्षण, कारण त्याची कथा ऐकताना ऐकणाऱ्यांचे रोम उभे राहत. 'रोमांच'ही याच घरातला. 'रोमान्स'शी त्याचं काही नातं नाही, ही गल्लत फार होते.

हात उजेडात आडवा धरा आणि त्यावर गार पाणी शिंपडा. झोपलेली लव हळूहळू उठते, एकेका रोमाच्या बुडाशी बारीक दाणा येतो. रोमाच्या मुळाला चिकटलेला इवलासा स्नायू आखडतो, म्हणून हे होतं. तो आपल्या इच्छेने हलत नाही. थंडी, भीती, भजन ऐकताना भरून येणं, सगळ्यांचा निरोप त्याला एकाच मज्जासंस्थेकडून जातो. भय आणि आनंद दोन्हींना एकच शब्द पुरला, तो मला म्हणूनच इतका नेमका वाटतो. तळहातावर रोम नाहीत, तिथे काटा येत नाही.

प्रश्न: मग 'अंगावरचे केस उभे राहिले' म्हणू नये का?

उत्तर: म्हणावं. संस्कृतात केश डोक्यावरचे, रोम किंवा लोम अंगावरचे, श्मश्रू दाढीमिशांचे. मराठीने 'केस' सगळीकडे चालवला. तरी 'अंगावर काटा आला' हे मला जास्त आवडतं, त्यात तो दाणासुद्धा दिसतो.

एक दुरुस्ती मात्र हवी. गर्भाच्या अंगावरच्या लवेला काही जण 'जावळ' लिहितात. ती लव बहुधा जन्माआधीच गळून जाते. जावळ म्हणजे बाळ डोक्यावर घेऊन येतं ते केस.