सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा कोणासाठी?

प्रश्न: जय ख्रिस्त. बायबलमधील मत्तय २८:१९ मध्ये सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा प्रभू येशूने आपल्या अकरा शिष्यांना दिलेली आहे. मग नाशिकमध्ये नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या साध्या विश्वासणाऱ्यालाही ती लागू होते का?

उत्तर १: होय, ताई. पुढच्याच वचनात, आपण आज्ञापिलेले सर्व काही त्या नव्या शिष्यांना पाळायला शिकवा, असे प्रभू सांगतो, आणि त्या 'सर्व' मध्ये ही आज्ञाही येते; शिवाय 'युगाच्या समाप्तीपर्यंत' सोबत राहण्याचे अभिवचन त्या अकरा जणांच्या आयुष्यापुरते असणे शक्य नाही.

उत्तर २: आपल्या नाशिकमधील शरणपूरचा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात तेथील मिशन शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत कार्य केलेले मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमध्ये होता आणि १८७४ मध्ये लंडनमधील अंत्यविधीला उपस्थित होता. इतर अनेक जण पूर्व आफ्रिकेतील मोंबासाजवळच्या फ्रेरे टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीमध्ये सेवेसाठी गेले. संदेश केवळ परदेशातून आपल्याकडे आला नाही, तर गोदाकाठच्या या शहरातून पुढेही गेला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

उत्तर ३: सहमत आहे. मात्र १ पेत्र ३:१५ प्रमाणे आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे. आमिष किंवा दबाव यांना त्यात मुळीच जागा नाही. ताई, आपण सुरुवात शेजारी आणि सहकारी यांच्यापासूनच करावी.